मुलाखती तुमच्या, प्रश्न कुणाचे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी या ताई महाविद्यालयात तासिका तत्त्वावर पत्रकारिता शिकवतात. पीएचडीचं चौथं वर्ष सुरू आहे. विषय, तालुका पातळीवरची मराठी यूट्यूब बातमी चॅनेल. दोन वर्षं एसटीने आणि भावाच्या दुचाकीवर फिरून त्यांनी ३१ चॅनेलवाल्यांच्या मुलाखती घेतल्या. एका ऑनलाइन चर्चासत्रातला त्यांचा निबंध ऐकून युरोपातल्या एका विद्यापीठातून ईमेल आला. माध्यमांच्या जागतिक धोरणावर आणि नियमनावर सहा देशांत त्यांचा प्रकल्प चालू आहे, भारतातून ‘स्थानिक भागीदार’ हवा आहे. ताईंनी सगळ्या मुलाखतींचं ध्वनिमुद्रण आणि इंग्रजी भाषांतर द्यायचं, त्यांच्या प्रश्नावलीवर आणखी २० मुलाखती घ्यायच्या. विश्लेषण युरोपातला गट करेल. पैसे मुंबईतल्या एका संस्थेमार्फत मिळतील आणि निबंधांत नाव ‘योगदानानुसार’ येईल. मार्गदर्शक म्हणतात, डोळे झाकून हो म्हण, निवड समितीसमोर परदेशी विद्यापीठाचं नाव दाखवता येईल. सहकारी म्हणतात, ही हमाली आहे, सरळ नाही म्हण. ताई लिहितात, ‘माझ्याकडे नुसता कच्चा माल आहे, सिद्धांत त्यांच्याकडे. इंग्रजीही बेताचं. अशी संधी पुन्हा यायची नाही. १५ तारखेपर्यंत कळवायचंय. काय करू?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. युरोपातून आलेल्या ईमेलबद्दल तुम्ही दीड पान लिहिलं आहे. त्या गटात कोण कोण आहे, त्यांची पुस्तकं कोणती, त्यांचं संकेतस्थळ किती देखणं आहे. आणि दोन वर्षांच्या पायपिटीबद्दल दोन ओळी. मला मात्र सगळ्यात जास्त त्या दोन ओळींत सापडलं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मागे पडदा लावून स्टुडिओ करणारा तो चॅनेलवाला आणि त्याचं वाक्य, ‘मॅडम, स्ट्राइक आली की घरात सुतक पडल्यासारखं होतं.’ (स्ट्राइक म्हणजे नियम मोडल्याबद्दल यूट्यूबने चॅनेलला दिलेली ताकीद.) आपण तिथूनच सुरुवात करू या.

पण आधी त्या ‘हो की नाही’बद्दल. तुमच्या मार्गदर्शकांनी आणि सहकाऱ्यांनी उलटी उत्तरं दिली असली, तरी दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे. आलेला प्रस्ताव म्हणजे शेवटचा शब्द, आता सही करायची किंवा कागद फाडायचा. तसं नाही. हे पहिलं पत्र आहे. सहकार्याच्या पहिल्या पत्रात माणसं आपल्या सोयीचं मागतात, समोरच्याची सोय त्यांना अजून माहीतच नसते. ‘योगदानानुसार’ हा शब्द मला फसवणुकीचा वाटत नाही, न ठरवल्याचा वाटतो. ज्या तरुण संशोधकाने तुम्हाला लिहिलं, त्याची किंवा तिची नेमणूकही बहुधा प्रकल्पापुरतीच असेल, वेळापत्रकात सहा देशांचे रकाने भरायचे असतील. म्हणजे तासिका तत्त्वावरची तुम्ही आणि कंत्राटावरचा तो, एवढाच फरक असण्याची शक्यता आहे. त्या माणसाला शत्रू समजून उत्तर लिहू नका. आणि उपकारकर्ता समजूनही नको.

आता तुमचं ते वाक्य, जे वाचून मला वाईट वाटलं. ‘माझ्याकडे नुसता कच्चा माल आहे.’ हे तुम्हाला कुणी शिकवलं? बहुधा आम्हीच, शिक्षकांनी. पहिल्या प्रकरणात परदेशी विचारवंतांची मांडणी आणि चौथ्या प्रकरणात आपल्या गावचे आकडे, असा प्रबंधाचा साचा आम्ही वर्षानुवर्षं गिरवून घेतला. त्यामुळे विचार तिकडचा आणि माहिती इकडची, ही वाटणी तुम्हाला निसर्गनियमासारखी वाटू लागली.

तुमच्या मोबाइलवाल्याकडे बघा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत बातम्यांचा ‘प्रकाशक’ कोण, याची व्याख्या आहे. पद्धतशीर व्यवसाय, पेशा किंवा कमाई म्हणून मजकूर न पसरवणारी साधी व्यक्ती तिच्यातून वगळली आहे. प्रकाशक ठरलात, तर तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय द्यायचा. मग हा माणूस कोण? त्याचं पोट दुकानावर चालतं. चॅनेलवर दिवाळीला आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला शुभेच्छांच्या जाहिराती येतात. हा पद्धतशीर व्यवसाय झाला का? झाला, तर त्याचा तक्रार निवारण अधिकारी तोच, तक्रार येणार ती दुकानाच्या काउंटरवर आणि देणारा माणूस रोज बाजारात भेटणारा. याच नियमांतल्या आचारसंहितेच्या सक्तीला ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. याचिका करणाऱ्यांत पत्रकार निखिल वागळे होते. त्या आदेशाची बातमी तुमच्या ३१ जणांपैकी किती जणांपर्यंत पोचली? हे तुम्ही विचारलं असेल, तर तुमच्या वहीत जे आहे ते कुठल्याच ग्रंथालयात मिळायचं नाही.

‘माध्यम कोणाला म्हणायचं’ हा प्रश्न तिकडेही तितकाच कळीचा आहे. ‘युरोपियन मीडिया फ्रीडम ॲक्ट’ हा युरोपीय संघाचा माध्यमस्वातंत्र्याचा कायदा ऑगस्ट २०२५ पासून बहुतांशी लागू झाला. माध्यमसंस्था म्हणून स्वतःला जाहीर करणाऱ्यांचा मजकूर काढण्याआधी यूट्यूबसारख्या अतिमोठ्या ऑनलाइन मंचांनी साधारणपणे कारण कळवावं आणि उत्तराला २४ तास द्यावेत, अशी त्यात तरतूद आहे. संपादकीय स्वातंत्र्य वगैरे अटी पुऱ्या करणाऱ्यालाच हे संरक्षण. तुमचा माणूस तिथे असता, तर तो या अटींत बसला असता का? युरोपातल्या गटाला खरं तर हाच प्रश्न पडायला हवा. तो त्यांना पडावा म्हणून तुम्ही तिथे हव्यात, भाषांतरासाठी नव्हे.

आणि ती स्ट्राइक. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक लागल्या की चॅनेल बंद होऊ शकतं, हा यूट्यूबचा नियम. तो संसदेने केलेला नाही, विधानसभेने नाही. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने केलेला नियम मराठवाड्यातल्या एका घरात सुतक आणतो. ज्या विषयाला ते ‘ग्लोबल मीडिया गव्हर्नन्स’ म्हणतात, तो हाच. इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणारं आयकॅन, १८६५ मध्ये पॅरिसला तारायंत्रांसाठी सुरू झालेली आणि आज रेडिओलहरींपर्यंत पोचलेली आयटीयू ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, युनेस्को, जागतिक व्यापार संघटना, कंपन्यांच्या अटी, आपली न्यायालयं, सगळ्यांचा भार शेवटी त्या पडद्यामागच्या खुर्चीवर येऊन पडतो. तिथे नेमकं काय होतं, हे तुम्ही पाहिलं आहे. अशा संस्थांच्या जिनिव्हातल्या सभागृहात बसून ते दिसत नाही.

भाषांतराबद्दलही बोलायला हवं, कारण ईमेलमध्ये ते कारकुनी काम असल्यासारखं मांडलं आहे. तुमच्या मुलाखतींत ‘वरून फोन आला’ हे वाक्य किती वेळा येतं? मला खात्री आहे, पुष्कळदा. वरून म्हणजे कुठून? आमदारांच्या कार्यालयातून, पोलीस ठाण्यातून, की ज्या पतसंस्थेची जाहिरात चालू आहे तिच्या अध्यक्षांकडून? इंग्रजीत त्याचं सरकारी दडपण होऊन बसलं की सहा देशांच्या तक्त्यात भारतासमोर एक खूण पडणार आणि ती चुकीची असणार. ‘बातमी लावतो’, ‘पुरवणीचं बघा’, ‘समजून घ्या जरा’, या शब्दांमागे आपल्याकडच्या पत्रकारितेचं सगळं अर्थकारण आहे. तालुक्याच्या वार्ताहराने जाहिराती गोळा करायच्या आणि कमिशनवर भागवायचं, ही वृत्तपत्रांतली जुनी रीत चॅनेलवाल्यांनी जशीच्या तशी उचलली आहे. कुठल्या शब्दाचा अर्थ काय लावायचा हे ठरवणं म्हणजेच विश्लेषण. ‘भाषांतर तुम्ही, विश्लेषण आम्ही’ ही वाटणी मुळातच टिकत नाही आणि हे तुम्ही त्यांना याच तीन शब्दांची उदाहरणं देऊन सांगू शकता.

हा वाद आजचा नाही. सत्तरच्या दशकात तो बातम्यांच्या बाबतीत झाला. आशिया-आफ्रिकेतल्या घटना मोजक्या पाश्चात्त्य वृत्तसंस्था टिपणार, त्याच त्यांचा अर्थ लावणार आणि तोच अर्थ आम्ही परत विकत घेणार, याविरुद्ध आवाज उठला. युनेस्कोने १९७७ मध्ये आयर्लंडचे मुत्सद्दी शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखाली १६ जणांचा आयोग नेमला. भारतातून त्यात पत्रकार बी. जी. वर्गीस होते. १९८० मध्ये अहवाल आला. पुढे १९८४ च्या अखेरीस अमेरिका आणि वर्षभराने ब्रिटन युनेस्कोतून बाहेर पडले. त्यांनी इतरही कारणं सांगितली, पण या वादाचा त्यात मोठा वाटा होता.

वर्गात मी ही गोष्ट इथेच थांबवत असे. मुलांना ती आवडायची, कारण आपण त्यात अन्याय झालेल्यांच्या बाजूला असतो. पण तिची दुसरी बाजू तुमच्या कामाची आहे. अलिप्त राष्ट्रांच्या वृत्तसंस्थांचा समूह उभारण्यासाठी मंत्र्यांची परिषद भरली ती जुलै १९७६ मध्ये, नवी दिल्लीत. जगात आमचा आवाज ऐकला जात नाही, असं तिथे ठणकावून सांगितलं गेलं. त्या वेळी देशात आणीबाणी होती आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप. खुद्द वर्गीस यांना त्याआधी, १९७५ मध्ये ‘हिंदुस्तान टाइम्स’च्या संपादकपदावरून दूर करण्यात आलं होतं. देशाचा आवाज आणि देशातल्या माणसांचा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच उघड झालं होतं.

हे मी तुम्हाला का सांगते? तुमच्या पत्रात ‘माझा डेटा’ हे शब्द सात वेळा आले आहेत. युरोपातला गट तुमच्याकडे जसा बघतो असं तुम्हाला वाटतं, तसंच तुम्हीही त्या ३१ जणांकडे बघत नाही ना? लेखकांच्या यादीत एक भारतीय नाव वाढलं म्हणून त्या माणसांना न्याय मिळाला, असं होत नाही. हा प्रश्न टोचेल. तुम्हाला दुखवायचं म्हणून विचारत नाही. मी स्वतः यात चुकले आहे, म्हणून विचारते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी आणि माझी एक मैत्रीण एका परदेशी संस्थेच्या अभ्यासासाठी तीन जिल्ह्यांतल्या केबल ऑपरेटरांना भेटत हिंडलो. केबल टीव्हीचा कायदा १९९५ मध्ये आला होता, धंदा जोरात होता. आम्ही चहा प्यायलो, घरी जेवलो आणि माणसांनी भरवशाने सगळं सांगितलं. जोडण्या किती, कागदावर किती. करमणूक कर जोडण्यांवर लागत असे, म्हणून या दोन आकड्यांत फरक असायचा. हे त्या धंद्यात सगळ्यांना माहीत होतं, पण लिहून कुणी ठेवत नसे. आम्ही लिहिलं आणि कॅसेटींसकट पाठवून दिलं. दीड-दोन वर्षांनी अहवाल छापून आला. आभाराच्या पानावर आमची नावं होती, माझ्या आडनावाची अक्षरं चुकली होती. त्याचं काही वाटलं नाही. आतल्या पानावर एका ऑपरेटरच्या गावाचं नाव होतं आणि शेजारी दोन्ही आकडे. त्या गावात एकच ऑपरेटर होता. अहवाल इंग्रजीत होता, जिल्ह्याच्या कचेरीत तो कुणी वाचला की नाही, मला कळलं नाही. पण मी त्या माणसाला परत कधी भेटायला गेले नाही. पाय उचलला नाही. गाव बदलून लिहा, एवढं सांगायला मला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. मसुदा मला दाखवा, अशी अट मी घातली नव्हती. घालता येते हेच माहीत नव्हतं.

तुम्हाला आता माहीत आहे. म्हणून पहिली गोष्ट, ध्वनिमुद्रणं पाठवू नका. पुढे सहकार्य कितीही चांगलं झालं तरी. तालुक्यात माणूस आवाजावरून ओळखू येतो, नाव काढून टाकल्याने काही होत नाही. शिवाय त्या ३१ जणांनी होकार दिला तो तुमच्या पीएचडीला. युरोपातल्या विद्यापीठाला नाही. संमती पुन्हा घ्यावी लागेल, मराठीत, समोर बसून, आणि नाही म्हणायची खरी मोकळीक देऊन. जे हो म्हणतील त्यांच्या मुलाखतींचं शब्दांकन नावं, गावं, दुकानं काढून, तुमच्या टिपणांसह देता येईल. कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी तुमच्याकडेच राहील, वेगळ्या जागी. युरोपातल्या विद्यापीठांवर २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा ते ज्यांची वैयक्तिक माहिती हाताळतात त्या सगळ्यांना लागू आहे, माणूस कुठल्या देशात राहतो याला महत्त्व नाही. म्हणजे तुमच्या मोबाइलवाल्यालाही त्याचं संरक्षण आहे. तेव्हा त्यांच्या नीतिसमितीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची मंजुरी आणि माहिती कुठे, किती वर्षं, कुणाच्या ताब्यात राहणार याचा आराखडा मागा. मागताना संकोच करू नका. हे कागद त्यांना तयार ठेवावेच लागतात.

दुसरं, प्रबंध. हा मुद्दा तुमच्या मार्गदर्शकांनी काढायला हवा होता. तुमच्या मुलाखतींतले उतारे त्यांच्या निबंधात आधी छापून आले आणि नंतर तेच तुमच्या प्रबंधात आले, तर साम्य तपासणाऱ्या संगणकप्रणालीला मूळ मालक कोण हे कळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपुढच्या साम्याला उत्तर द्यावं लागतं. प्रबंध मराठीत असेल तर धोका कमी, इंग्रजीत असेल तर पुष्कळ. म्हणून लिहून घ्या, की या ३१ मुलाखतींवर आधारलेलं काहीही तुमचा प्रबंध सादर होईपर्यंत छापायचं नाही, किंवा आधी तुमच्या एकटीच्या नावाचा निबंध यायचा. पीएचडीला निबंध छापलाच पाहिजे, ही देशभराची सक्ती यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम तेवढा बघून घ्या. तो नसेल, तर कसली घाई?

तिसरं, नाव. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी लेखक कोणाला म्हणावं याचे निकष ठरवले आहेत आणि आता इतर विषयांतही त्यांचा आधार घेतात. माहिती गोळा करणं हे त्यात महत्त्वाचं योगदान धरलं आहे, पण त्याच्या जोडीला मसुद्यात सहभाग आणि शेवटची मान्यता लागते. वाचताना वाटतं, म्हणजे आपण बाहेर. नीट वाचा. त्याच निकषांत असंही आहे, की ज्याचं पहिलं योगदान आहे त्याला मसुद्यात भाग घेण्याची संधी मिळायलाच हवी. संधी न देता ‘तुम्ही लिहिलं नाही, मग लेखक कशा?’ असं कुणाला म्हणता येत नाही. देशोदेशींच्या सहकार्यासाठी २०१३ मध्ये मॉन्ट्रिअलच्या जागतिक परिषदेतून एक निवेदन निघालं. कोण काय करणार, माहिती कुणाची, लेखक कोण, वाद झाला तर काय, हे सगळ्यांनी सुरुवातीलाच ठरवावं, असं ते सांगतं. तुमच्या उत्तरात त्याचा उल्लेख करा. तुम्ही अडवणूक करत नाही, चांगल्या संशोधनाची रीत पाळता आहात, एवढं त्यातून कळेल.

पण ताई, यादीत नाव कितवं, यापेक्षा मला त्या २० नव्या मुलाखतींची प्रश्नावली जास्त महत्त्वाची वाटते. ती कुणी बनवली? तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात पहिलाच प्रश्न आहे, ‘आपल्या संपादकीय विभागाचं मजकूर तपासणीचं धोरण काय?’ ज्याचा संपादकीय विभाग म्हणजे तो, त्याची बायको आणि एक बारावीतला पुतण्या, तो याचं काय उत्तर देईल? काहीतरी देईल, कारण मॅडमना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं. आणि ते काहीतरी सहा देशांच्या तुलनेत जाऊन बसेल. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. प्रश्नावलीला हात लावू देत असतील, तर चौथ्या क्रमांकाचं नावही चालेल. हात लावू देणार नसतील, तर पहिल्या क्रमांकाचंही घेऊ नका.

पैशाचं लवकर सांगते. ‘मुंबईतल्या संस्थेमार्फत’ हा मार्ग तपासून बघा. परदेशी निधीच्या एफसीआरए कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी तिला दुसऱ्याकडे वळवता येत नाही. केलेल्या कामाची करारानुसार घेतलेली फी ही वेगळी गोष्ट आहे आणि तुमच्या बाबतीत काय बसतं, हे सनदी लेखापालाला विचारून, विद्यापीठाच्या लेखा विभागाशी बोलूनच ठरवा. तोंडी आश्वासनावर एकही प्रवास करू नका. एसटीचं तिकीट, शब्दांकनाचे तास, भाषांतराचे तास, सगळ्याचा दर अंदाजपत्रकात दिसू दे. तासिका बुडाली की मानधन बुडतं, हे त्यांना माहीत नसणार. सांगा.

राहिली तुमची दोन भयं. इंग्रजी बेताचं म्हणता, पण चर्चासत्रातला निबंध तुम्ही इंग्रजीतच वाचला होता ना? आणि तो ऐकूनच हा ईमेल आला. मसुदा मराठीत विचार करून लिहा, जमेल तसा इंग्रजीत आणा, भाषा सुधारायचा खर्च प्रकल्पात मागा. आणि संधी पुन्हा येणार नाही, हे मला पटत नाही. माध्यम संशोधकांची आयएएमसीआर ही आंतरराष्ट्रीय संघटना १९५७ पासून आहे, युनेस्कोच्या पुढाकाराने सुरू झालेली. तिची परिषद १९८६ मध्ये दिल्लीत आणि २०१४ मध्ये हैदराबादला भरली होती. हैदराबाद तुमच्यापासून किती दूर? तिच्यात जागतिक माध्यम धोरणावर काम करणारा गटही आहे. अशा ठिकाणी तुम्ही कुणाच्या भागीदार म्हणून नाही, स्वतःच्या निबंधावर जाऊ शकता. त्याच्या आधी एक लेख मराठीत लिहा, ‘समाज प्रबोधन पत्रिके’सारख्या ठिकाणी. निवड समितीत त्याला गुण किती, हे मला विचारू नका. तुमच्या ३१ जणांना वाचता येईल असं तुमच्या कामातलं निदान एक तरी काही असावं, म्हणून म्हणते.

१५ तारखेआधी उत्तर द्या, पण ते मुदतवाढीचं असू दे. काम आवडलं, सहकार्य करायची इच्छा आहे, असं मनापासून लिहा. मग सांगा, की ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांची नवी संमती घ्यायला आणि प्रश्नावली तुमच्या बाजूने तपासायला सहा आठवडे लागतील, आणि त्याआधी तासाभराचं बोलणं व्हावं. सहा आठवडे थांबायची ज्यांची तयारी नाही, त्यांच्यासोबत तीन वर्षं कशी काढणार? तुमच्यासारखी पत्रं मला आणखी दोघांकडून आली आहेत. एकाचा विषय सामुदायिक रेडिओ, दुसरीचा मतदानाच्या काळातले व्हॉट्सॲप गट. दोघांनाही मी हेच लिहिलं असतं, फक्त व्हॉट्सॲपवालीला जास्त कडक शब्दांत. कारण गटातल्या माणसांना तर आपण कुणाच्या अभ्यासात आहोत हेही ठाऊक नसतं.

एक शेवटचं. तुम्ही पत्राच्या तळाशी, जवळजवळ विसरल्यासारखं लिहिलं आहे, की त्या मोबाइलवाल्याने म्हटलं होतं, ‘माझं नाव टाका की मॅडम, मला कुणाची भीती?’ आणि तुम्ही ते ‘नियमात बसत नाही’ म्हणून टाळलंत. मला वाटतं, घाई केलीत. निनावी ठेवणं हे नेहमी संरक्षणच असतं असं नाही. ज्याने आठ वर्षं आपल्या नावावर बातम्या दिल्या, त्याला आमच्या प्रबंधात ‘उत्तरदाता क्रमांक १७’ करून टाकणं हाही एक प्रकारे त्याचं काम पुसणं आहे. परत जाल तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडेच जा. मुलाखतीचं शब्दांकन त्यांना वाचून दाखवा, ‘वरून फोन आला’ ते पानसुद्धा. हे छापून आलं आणि वरच्याने वाचलं, तर दुकानाचं काय होईल, हे दोघांनी मिळून बोला, शक्य असेल तर त्यांच्या पत्नीसमोर, कारण सुतक त्यांच्याही घरात पडतं. ते सगळं ऐकूनही ते म्हणाले, टाका नाव, तर तुमच्या विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे लेखी परवानगी मागा. मिळाली, की पूर्ण नाव टाका, चॅनेलच्या नावासकट, आणि अक्षरं तपासून घ्या.

तुमची,
सदरलेखिका